रॉकेलमधल्या रिंगा

बाबा, परवा नळ गळायला लागला आणि तुम्ही आठवलात.

वाशीचं स्वयंपाकघर. ओट्यावर स्टीलचा डबा, डब्यात रॉकेल, रॉकेलमध्ये रबराची रिंग. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या शेडमध्ये निघालेल्या प्रत्येक नव्या मालातली एक रिंग तुम्ही घरी आणता आणि अशी बुडवून ठेवता. सकाळी ती फुगलेली नसली की माल केमिकल कारखान्यांच्या पंपांची गळती रोखायला रवाना होतो. वासाने वैतागलेली आई म्हणते, "मुलीला बघायला येतील त्यांनाही रॉकेलच पाजा."

मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते. एका संध्याकाळी तुम्हाला व्यापारवाद समजावून सांगितला. युरोपातल्या जुन्या राजांना वाटे, सोनं-चांदी म्हणजेच संपत्ती. म्हणून विकावं जास्त, घ्यावं कमी, परका माल जकातीने अडवावा, वसाहतींनी फक्त कच्चा माल पुरवावा. तुम्ही म्हणालात, राजे शहाणे होते. बाहेरच्या रिंगा येऊ देत नाहीत म्हणून तर आपली शेड चालते. मी म्हटलं, पुढच्या विचारवंतांनी हे खोडून काढलं. देशाची संपत्ती तिजोरीत नसते, लोकांना काय वापरायला मिळतं त्यात असते.

"खोडणाऱ्यांचे कारखाने तोवर उभे राहिले होते ना?"



मग तुम्ही खिशातून एक परदेशी रिंग काढलीत. ऐंशीनंतर आयातीचे परवाने सैल होऊ लागले होते. एका गिऱ्हाइकाने ती तुमच्या हातावर ठेवली होती. तुम्ही ती आपल्या रिंगेशेजारी बुडवलीत. सकाळी आपली फुगून आकार सोडून बसली होती. परदेशी होती तशीच. तुम्ही दोन्ही नीट पुसल्यात. मला वाटलं, आता माल थांबवाल.

"जाऊ दे माल. एवढी जकात भरून दुसरीकडून घेणार कुठून ते?"

त्यानंतर डबा ओट्यावर दिसला नाही. केमिकल कारखान्यांकडून तिखट वास आला की तुम्ही उठून खिडकी लावून घ्यायचात. आई विचारायची, कुठून येतोय हा? तुम्ही म्हणायचात, कुठूनतरी. आयातीची दारं पूर्ण उघडली तेव्हा तुम्ही नव्हतात. शेडही राहिली नाही.

परवा दुकानदाराने दोन वॉशर पुढे ठेवले, एक पावण्याचा, एक बाहेरचा. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच खरं लिहिते. मी बाहेरचा घेतला. नळ गळायचा थांबला.