‘धांप’ म्हणजे काय?

सर्वण, डिचोली
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. कोमल,

अनेक आशीर्वाद. मांद्र्याच्या गेस्टहाउसात आता पाहुण्यांची गर्दी सुरू झाली असेल. कामाच्या नादात उपाशी राहू नकोस. पत्र श्रद्धाच्या हाती देते, ती तिकडेच कामाला येते. अक्षर वाकडं दिसेल. चष्मा बदलायला झालाय.

फोनवर तू विचारतेस, "आई, हात बरा ना?" मी म्हणते, "बरा." मग तू पाहुण्यांचं बोलतेस, मी मांजराचं. म्हणून लिहायला बसले.

तुझ्या नवरोबाचा, गौरेशचा, बोटीवरून फोन होता. नाताळाआधी घरी पोचतो म्हणाला. "आई, मासळीवालीकडून इसवण आणून ठेव, कोमल ग्रिलवर भाजेल." मी हो म्हटलं. तू विजेच्या शेगडीवरच चहा करतेस आणि कुणी गॅस पेटवला की बाहेर निघून जातेस, हे त्याला ठाऊक नाही. मलाही श्रद्धाकडूनच कळलं.

तुझी ती ‘लोखंडी म्हैस’ (ग्रिलला हे नाव तूच ठेवलंस!) पावसाळाभर ताडपत्रीखाली होती. काल मी तिला आंघोळ घातली. जाळ्या घासल्या, खालच्या ताटलीतलं साचलेलं तेल काढलं. त्या मेल्या तेलानेच भडका उडतो. बर्नरच्या नळीत कोळ्याने घर केलं होतं, ते तारेने साफ केलं. रबरी नळीला उंदराने दात लावले होते, म्हणून नवी आणवली. सिलिंडर सरळ उभा ठेवून, सांध्यांना साबणाचा फेस लावून कळ हळूच उघडली. एकही बुडबुडा आला नाही. आणि म्हशीला मांडवाखालून काढून उघड्या अंगणात, भिंतीपासून लांब उभं केलंय. सुविधा कुंपणावरून म्हणाली, "सत्यवतीबाय, गाडी धुता काय गो?"

पेटवली मात्र नाही.

हीच सुविधा गेल्या आठवड्यात माझ्याकडे उंडे पाव घेऊन आली होती. मी चुलीपाशी होते. ती म्हणाली, "भात धांप गो, निवतलो." मी झाकण ठेवलं. जाताना म्हणाली, "आणि दार धांप, मांजर येता." मी दार लावायला उठले आणि तशीच कडी धरून उभी राहिले.

लग्नानंतर तू साताऱ्याहून नवी आलीस, तेव्हा विचारलं होतंस, "धांप म्हणजे काय हो, आई?" मी भाताच्या टोपावर झाकण ठेवून म्हटलं, "हे बघ, असं. हे धांपणं." तू हसलीस, आणि मग दिवसभर जे दिसेल ते धांपत सुटलीस.

त्या मे महिन्याच्या रविवारी वाऱ्याने ग्रिलची ज्योत विझली. मी तुळशीकडून ओरडले, "धांप गो, धांप!" माझ्या मनात होतं, गॅस बंद कर. तू झाकण लावलंस. आत गॅस भरत राहिला. मला वाटलं, तू कळ बंद केलीस. मी आले, झाकण उचललं आणि लायटर दाबला, तसा भडका माझ्या हातावर आला. आमची जुनी सवय, आधी काडी, मग कळ. थांबून पाहिलं असतं, पाच मिनिटं सगळं उघडं ठेवलं असतं, तर नुसता वास येऊन गेला असता.

"पण आई, तुम्हीच म्हणालात..." एवढंच तू बोललीस. इस्पितळात सगळ्यांची माफी मागत राहिलीस. सुविधा म्हणाली, "घाटावरची ती, तिका गॅसातलें कितें कळटा?" तू ऐकलंस. त्या आठवड्यातच मांद्र्याला राहायला गेलीस. कामाला सोयीचं पडतं म्हणालीस, आणि मी डब्यात लाडू भरून दिले.

बाळ, तू चुकली नव्हतीस. मी शिकवलं होतं तेच तू केलंस. आमच्या भाषेत भात, दार आणि गॅस सगळ्यांना एकच शब्द, आणि त्यातला मी तुला फक्त भाताचा सांगितला होता.

आता चष्म्याचं. चष्मा बरा आहे. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, डॉक्टर म्हणतात, आता एवढंच सुधारणार. हे सगळं मी डाव्या हाताने लिहिलंय. शाळेत सिस्टर याच हातावर पट्टी मारायच्या, "राइट हँड, सत्यवती!" आता त्यांनी पाहिलं असतं तर! तुला सांगणार नव्हते. पण तू घरी येऊन माझ्या हाताकडे पाहशील, आणि मी तो पदराखाली लपवीन, असं नको.

गौरेश येण्याआधी एकदा ये. झाकण उघडं ठेवून आपण दोघी पेटवू. कळ तू फिरव, काडी मी धरते. नाही पेटली तर कळ बंद करून तुळशीपाशी बसू, चहा घेऊ, मग पुन्हा बघू. मी ओरडणार नाही. काय बंद करायचं ते नाव घेऊन सांगेन. आणि नकोच वाटलं, तर बांगडे तव्यावर तळू. म्हशीला कुणीही घेऊन जाईल.

मागचं दार मी संध्याकाळी लोटून घेते, मांजरामुळे. पुढचं धांपलेलं नाही.

तुझी आई,
सत्यवती