बाबा हसायचे ती जागा

कामिनीताईस नमस्कार,

लीड्सला सुखरूप पोहोचलो. थंडी आहे, पण खोली उबदार आहे. आईचे गुडघे कसे आहेत? धानाची मळणी झाली का?

बाबांच्या तेरवीला तू म्हणालीस, "बाबाले इंग्रजी समजे नाही, तरी माह्या मोबाईलवर ते विलायती सीरियल पाहून डोळ्यात पाणी येईपर्यंत हासत." माझ्यासमोर ते कधी हसले नाहीत. तुझा हेवा वाटला. अजून वाटतो.

काल तीच मालिका पाहिली. छत गळतं, तेव्हा घरमालक पाहुण्यावर छत्री धरून गंभीरपणे विचारतो, "चहात साखर किती?" इथले सोबती हसले. मला सगळं समजलं, पण हसू आलं नाही.

शेतातला माझा वाटा तूच ठेव. बाबा नेमके कुठे हसायचे, तेवढं मला कळव.

तुझा भाऊ,
भुपेंद्र