ओहायो चुकत नाही

रविवार, २६ जुलै २०२०

ओहायोला अठ्ठ्याऐंशी काउंट्या आहेत. मला हे माहीत असण्याचं काहीएक कारण नव्हतं. मी कांगारूंच्या देशात, क्वेकर्स हिलमध्ये राहते. बावीस वर्षं वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढलं, आता रिटायर होऊन घरी मेथी निवडते. पण सकाळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत माधव म्हणतो, "श्यामला, अठ्ठेचाळीस साली ओहायोत नुसत्या सात हजार मतांनी निकाल लागला होता, माहितीये?" नाही माहीत. आज चहात आलं जास्त झालंय, एवढं माहितीये.

या लॉकडाऊनमध्ये नवरे कामातून गेले. मैत्रीण चित्रलेखाचा नवरा ब्रेड भाजतो, आणि तो खायला तिला माणसं मिळत नाहीत. माझ्याने अमेरिकेतलं एक राज्य धरलंय. जाड वही, लाल पेन्सिल, निळी पेन्सिल. अठराशे शहाण्णवपासूनच्या एकतीस अध्यक्षीय निवडणुका. त्यात एकोणतीस वेळा ओहायोने ज्याला निवडलं तोच देशात जिंकला. चुकलं फक्त दोनदा, चव्वेचाळीस साली आणि साठ साली. ही दोन सालं माधव आवाज खाली आणून सांगतो, घरातलं लफडं सांगावं तसं.

नऊ वाजता तो मागच्या गॅरेजमध्ये गेला. त्याची जुनी कॅमरी. विकायची नाही, चालवायची नाही, पण दर रविवारी अर्धा तास इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते म्हणे. बसू दे की! पण मी बोलत नाही. पुढच्या बेडरूमचं दार लावून मी मुलाला, नीलला, फोन लावते. अर्धा तास पुरतो.

शुक्रवार, ३१ जुलै

ओहायोच का, हे लिहूनच टाकते. ही वही वाचतंय कोण.

कारण आमचा नील ओहायोत असतो. म्हणजे माधवच्या मते असतो.

डिसेंबर २०१६. नील आणि मयूराचा घटस्फोट नुकता झालेला. पोरगं चार दिवस घरचं खायला म्हणून इथे आलं. त्या दिवशी जेवायला बाहेरची आठ माणसं होती. आणि माधव सगळ्यांसमोर, कोशिंबीर वाढून घेता घेता म्हणाला, "मुलगी चांगली होती. तुझ्यातच काहीतरी खोट असणार."

नील ताटावरून उठला. तिकीट बदलून दोन दिवस आधीच परत गेला. तेव्हापासून बापलेकांत एक शब्द नाही. माधवने माफी मागितली नाही. मला एवढंच म्हणाला, "बोलून गेलो." मग त्याला सांग ना, म्हटलं. तर हा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. तोंड घालून बसण्यात याचा हात कुणी धरणार नाही.

पुढच्या वर्षी नीलने नोकरी बदलली. ओहायो सोडून मिशिगनला गेला, ग्रँड रॅपिड्स नावाच्या गावात. मला म्हणाला, "आई, बाबांना सांगू नकोस. म्हणतील, बघा, पळाला." मी शब्द दिला. तेव्हापासून दर हिवाळ्यात एक स्वेटर विणते, ब्लॅकटाउनच्या पोस्टातून मिशिगनला पाठवते आणि घरी आल्या आल्या पावती फाडून टाकते. मी हेरखात्यात जायला हवं होतं.

तर असं आहे. मुलगा मिशिगनमध्ये, बाप ओहायो रंगवतोय. कधी हसू येतं, कधी इस्त्री करता करता रडू येतं.

शनिवार, २२ ऑगस्ट

आज इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठ कट्ट्यात माधवचं व्याख्यान झालं. झूमवर. एरवी तिथे गुडघे आणि पेन्शन यांवर बोलतात. चित्रलेखाने विचारलं, माधवराव, तुम्ही काही बोलाल का? बस! हा आठ दिवस तयारी करत होता. वर शर्ट-टाय, खाली ट्रॅकपँट. विषय: ओहायो राज्याच्या अध्यक्षीय मतदानाचा इतिहास.

चौदा जण होते. अजितरावांचा फक्त छताचा पंखा दिसत होता. वीणा म्यूट करायला विसरली, त्यामुळे १९१२ ची निवडणूक तिच्या मिक्सरसकट ऐकावी लागली. माधवला कशाचंच काही नाही. "ओहायो हातात नसताना एकही रिपब्लिकन आजवर व्हाइट हाउसात गेलेला नाही," असं त्याने तीनदा सांगितलं. पंख्याच्या मागून अजितरावांनी विचारलं, "मत दिलं नाही तर इथे बसतो तसा फाइन बसतो का तिकडे?" माधव म्हणाला, नाही. "मग लोक जातात कशाला?" माधवने वहीचं पुढचं पान उलटलं.

शेवटी चित्रलेखा लाडात म्हणाली, "तुमचा नील तिकडेच ना? मग काय, आतल्या बातम्या मिळत असतील."

मी मागे पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. हात थांबला.

"हो, नील तिकडेच," माधव म्हणाला. "तो बिझी असतो." आणि सरळ १९६४ वर गेला.

त्याच्या टायची गाठ सुटलेली, मागून कॉलर दुमडलेली. मला त्याची दया आली, मग रागही आला. अरे, इतकं राज्य पाठ करण्यापेक्षा एक फोन कर ना मुलाला. दोन वाक्यं बोल.

मंगळवार, ८ सप्टेंबर

ओहायोत ओटावा नावाची पण काउंटी आहे. मी विचारलं नव्हतं.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

कॅमरी चालू होईना. माझी यारिस सर्व्हिसिंगला दिलेली आणि आजच नेमकी दातांची अपॉइंटमेंट. रोडसाइडवाल्याला बोलावलं. मास्क लावलेला धिप्पाड माणूस, बॉनेट उघडून म्हणतो, "Mate, this hasn't been started in months."

मी म्हटलं, असं कसं, दर रविवारी अर्धा तास चालू असते! तो खांदे उडवून माधवकडे बघायला लागला. माधव गॅरेजचं छप्पर बघायला लागला.

तो गेल्यावर म्हटलं, नवी बॅटरी गळ्यात मारायचे धंदे आहेत. माधव म्हणाला, "अगदी बरोबर." त्रेचाळीस वर्षांच्या संसारात माझं म्हणणं इतक्या पटकन कधी पटलं नव्हतं याला. नवी बॅटरी बसवलीच शेवटी.

रविवार, २५ ऑक्टोबर

नील खोकत होता. "हीटरमुळे आहे, आई. ड्राय एअर." मला शिकवतोय. मी काय हॉस्पिटलात बावीस वर्षं पापड लाटत होते?

रविवार, १ नोव्हेंबर

नीलने फोन उचलला नाही. तीनदा लावला. मग मेसेज: Positive. Don't panic. Breathing ok.

पॅनिक होऊ नको म्हणे. एकटा राहतो. गावात कोण आहे त्याचं? विमानं नाहीत, आणि असती तरी इथून बाहेर पडायला सरकारची परवानगी लागते. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले आणि व्हॉइस मेसेज पाठवला. पोटावर झोप, ऑक्सिमीटर लाव, दर चार तासांनी आकडा कळव. आवाज फुटत होता, दोनदा पुन्हा रेकॉर्ड केला.

माधवला सांगावं तर सगळंच सांगावं लागतं. दर रविवारी बोलते हे, पोरगं कुठे आहे हे. आणि नीलला मी शब्द दिलाय. त्याचा विश्वास उडाला आणि त्याने माझाही फोन बंद केला तर? मग आमचं त्याच्याशी काहीच उरणार नाही.

बाहेर आले तर हा वहीत डोकं घालून बसलेला. भरून आलेलं सगळं मेथीवर काढलं.

सोमवार, २ नोव्हेंबर

नाश्त्याला माधव म्हणाला, "वाफ घ्यायला सांग."

"कुणाला?"

"कुणालाही. सध्या सगळ्यांनीच घ्यावी." आणि टोस्टला लोणी लावायला लागला.

याचं डोकं फिरलंय. पण कल्पना वाईट नाही, नीलला कळवली.

बुधवार, ४ नोव्हेंबर

निवडणूक. माधवने सकाळपासून व्याख्यानाचा टाय लावलेला. दुपारी चारनंतर ओहायोचा निकाल लागला, लाल, म्हणजे रिपब्लिकन. त्याने वहीत लाल रंग भरला, पेन्सिलीला टोक केलं, म्हणाला, "झालं. ओहायो बोललं म्हणजे देश बोलला."

नीलचा ताप एकशे एक. ऑक्सिजन चौऱ्याण्णव. मला चौऱ्याण्णव आवडत नाही.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

सात वाजता उठून बघते तर टीव्हीपुढे उभा. हातात टूथब्रश, पेस्ट गालिच्यावर.

"अरे, ओहायो काल संपलं ना?"

"मिशिगन मोजतायत."

माझ्या हातातला चमचा सिंकमध्ये पडला. "मिशिगनचं तुला काय मेलं?"

"सोळा इलेक्टोरल मतं आहेत तिथे," म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही बघितलं. गालिचा पुसला.

नील, शहाण्णव.

रविवार, ८ नोव्हेंबर

उठलो तर बातमी आलेली. दुसराच जिंकला. ओहायो चुकलं, साठ सालानंतर पहिल्यांदा. माधव चहा गार होईपर्यंत पेन्सिल धरून बसला, मग गॅरेजमध्ये गेला.

मी फोन लावला. नीलने पहिल्याच रिंगला उचलला. ताप उतरलाय. शेजारणीने दारात सूप ठेवलं होतं, ते प्यायला. आवाज खोल गेलाय, पण आवाज आहे. मी पाच मिनिटं नुसती रडले. तो "आई, आई" करत राहिला.

मग म्हणाला, "काय, ओहायो चुकलं ना? सुतक असेल घरात." आणि हसला. हसता हसता खोकला. बापाची चौकशी चार वर्षांत पहिल्यांदा केली, टोमण्यातून का होईना.

म्हटलं, "सांगू का रे त्यांना?"

तो म्हणाला, "त्यांनी विचारलं तर सांग. स्वतःहून नको."

माधव आत आल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले. "तुला मला काही विचारायचंय का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले असं वाटलं. मग म्हणाला, "जेवायला काय आहे?"

दगड. नुसता दगड आहे हा माणूस. त्याला न आवडणारं आंबट वरण केलं मुद्दाम.

शनिवार, १४ नोव्हेंबर

दिवाळी. पायरीवर मी दोन पणत्या लावल्या. माधवने तिसरी आणून ठेवली. कशाला, म्हटलं. म्हणाला, वारा आहे.

रविवार, १५ नोव्हेंबर

नीलशी बोलता बोलता लक्ष गेलं. कॅमरीची किल्ली खुंटीवर. माधव गॅरेजमध्ये जाऊन वीस मिनिटं झालेली.

फोन हातात तसाच धरून मागे गेले. गाडी बंद. हा ड्रायव्हरच्या सीटवर, वही उलटी करून स्टिअरिंगवर ठेवलेली. मी शेजारी जाऊन बसले आणि वही ओढून घेतली. मागच्या पानापासून मिशिगन. त्र्याऐंशी काउंट्या, सगळ्या निवडणुका, लाल-निळ्या. सुरुवातीच्या पानावर तारीख जून २०१८ आणि माझ्या स्वेटरची पोस्टाची पावती. मी फाडलेली. सेलोटेपने जोडलेली.

"विचारायचं होतंस मला," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तुमचा रविवार बंद पडला असता."

फोनमधून नील, "आई? कोण आहे तिथे?"

मी फोन डॅशबोर्डवर ठेवला. माधवने दोनदा घसा खाकरला. "नील, तुमच्या केंट काउंटीने यंदा बाजू बदलली." मग हा म्हणाला, "त्या दिवशी जेवताना बोललो ते चुकलं माझं. खोट तुझ्यात नव्हती."

फोनमधून आलं, "बाबा."

कुकर लावायचाय म्हणून मी उतरले, घरात आले. कुकर कधीच झाला होता.