पिवळ्या कण्या

माय, काल मी जी हादरले ती अजून सावरलेली नाही. पुण्याला प्रयोगशाळेत काम करणारी माझी नात सुट्टीला आलीय. तिच्यासाठी मक्याच्या कण्या शिजवत होते, तर ती सहज म्हणाली, "आजी, मक्याच्या या पिवळ्या रंगात एक द्रव्य असतं, पालकातही असतं. रक्तातल्या ज्या पेशी कॅन्सरशी लढतात, त्यांना त्यानं जोर येतो असं दिसतंय. अजून उंदरांवरच बघितलंय हं." पिवळ्याच मक्यात ना, असं मी तिला तीनदा विचारलं.

दुष्काळाचं ते साल. सोसायटीच्या दुकानात परदेशी पिवळा मका आला होता, आणि जनावराचं खाणं म्हणत, नाकं मुरडत सगळं गाव तोच खात होतं. भूमच्या डॉक्टरांनी तुला सोलापूरला धाडलं, तिथं छातीतल्या गाठीला कॅन्सर म्हणाले. घरात ठरलं, मका उष्ण, गाठ वाढवतो, माय ज्वारीचंच खाईल. उरलेली चार पायली ज्वारी तुझ्या एकटीसाठी बांधून ठेवली. मी सोळा वर्षांची, दिवसभर खडी फोडून आल्यावर तुझं पथ्य सांभाळायची. एका संध्याकाळी मी चुलीपुढं कण्या खात बसलेय, आणि तू सरकत सरकत येऊन माझ्या ताटात हात घालतेस. मी मनगट धरते.

"न्हाय माय, उष्ण पडतंय तुला."

"घासभर दे की गं. तोंडाला चवच न्हाय."

त्या पाणीटंचाईत तांब्याभर पाणी ओतून मी तुझी बोटं धुतली, एक कणही राहू दिला नाही. तू हसलीस. "लई कडक हायस गं," म्हणालीस. दिवाळीच्या आत तू गेलीस.

लेकीसुनांना हे मी आजवर सेवा म्हणून सांगत आले. काल मला रडताना बघून नात म्हणाली, "आजी, घासभर कण्यांनी काही पणजी वाचली नसती." ते मलाही कळतं. पण तिला मी सगळं सांगितलेलं नाही. हे पत्र कुठं पोचणार नाही, म्हणून तुला सांगायचा धीर होतोय. तुझं मनगट धरलं तेव्हा मला पथ्य आठवलंच नव्हतं. माझ्या ताटातलं कमी होईल, एवढंच मनात आलं होतं. पथ्य नंतर सुचलं.