उजवीकडची माळ

१२ एप्रिल
लातूरचा डॉक्टर म्हणला, साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला. आपरेशन न्हाय. महिनाभर दिसंल तेवढं दिसंल. हे बाहेर बाकड्यावर. "काय म्हणला गं?" म्या म्हणलं, गोड खाऊ नका म्हणला. सांजच्या येष्टीनं भूमला घरी आलो.

१३ एप्रिल
चाळीस वर्षं जयंतीला विहारावर निळ्या दिव्यांच्या माळा ह्यांनीच चढवल्या. औंदा गल्लीतली पोरं चढली. हे खाली खुर्चीत, मान वर. "समदा धूरच दिसतोय गं."
नाकापाशी धरलं तर आजून दिसतंय. गोळीच्या पाकिटावरलं वाचत्यात. मग फोटू काढून डोळ्यापाशी धरावा. नातीचा, प्रज्ञाचा जुना कॅमेरा कपाटातून काढला. सोळाला माळा उतरणार.

१४ एप्रिल
बत्तीस फोटू. समदे भिकार. फ्लॅश उडला, म्होरली टपरी लख्ख, विहार काळाकुट्ट.
पुण्याला प्रज्ञाला फोन. "आजी, फ्लॅश बंद करा. चकती एमवर आणा. आयएसओ शंभर, एफ आठ, शटर चार सेकंद."
चार सेकंद? माझ्या हातात चहाचा कप ठरंना.
"मग स्टँडवर ठेवा ना."
स्टँड काय तुझ्या बापानं आणून ठिवलाय? नात हसली. मला रडू आलं, फोन ठिवला. आकडे कॅलेंडरावर लिवलेत.

१५ एप्रिल
पायलीत ज्वारी भरली, तीत कॅमेरा रोवला, गच्चीच्या कठड्यावर. हालत न्हाय. पर बटण दाबलं की बोट थरथरतंय, दिवे शेवयावानी लांब. प्रज्ञा म्हणली, टायमर लावा, दाबून बाजूला व्हा. झालं. आता बल्ब पांढरेफट, निळा रंगच न्हाय. चाराचे दोन सेकंद केले, आन् लाईट गेली. पुऱ्या गावाची.
हे खालनं, "काय चोरी करायलीस वर?"
व्हय, म्हणलं. तुमचीच.
बसलेय अंधारात. कॅमेऱ्याच्या बॅटरीची एक काडी उरली.

१६ एप्रिल
पहाटं लाईट आली. आभाळ निळं व्हाया लागलेलं. घरं, पाण्याची टाकी, मधी विहार. शंभर, आठ, दोन सेकंद. पायली तशीच. आला. निळ्याला निळा.
कॅमेरा तसाच ह्यांच्या नाकाला लावला. लई येळ बघितलं. मग, "उजवीकडची माळ इझलीया."
बघितलं. खरंच इझलेली.
पर ती दरसालीच इझती. तिथला होल्डर ढिला, हे ह्यांच्याबिगर कुणाला ठावं? दिसलं का आठवलं? इचारलं तर म्हणले, "फोटू झ्याक आलाय." त्वांड भिंतीकडं.
बॅटरी चार्जिंगला लावली.
आठला पोरं शिडी घेऊन आली. म्हणलं, आजची रात ऱ्हाऊ द्या, मला आजून एक फोटू काढायचाय. आन् ती उजवीकडची तेवढी पेटवा.
"आज्जे, आता कशाला?"
पेटवा म्हणलं ना. आन् ह्यांना कुणी सांगितलं तर त्याच शिडीनं बडवीन.