तिसरा टोल

३ सप्टेंबर १९७३, सोमवार. सकाळी साडेआठ. सदरा खिळ्याला टांगून लिहायला बसलो आहे.
धरणावरची चौकीदारी मिळाली! दुष्काळानंतर एवढे पाणी पाहून डोळे निवले. इथली युक्ती स्वस्त पण नामी आहे. पाण्यात पत्र्याचा डबा तरंगतो. त्याची तार कप्प्यांवरून खाली चौकीत येते आणि शाळेच्या जुन्या घंटेला बांधलेली आहे. पाणी धोक्याच्या खुणेला लागले की घंटा वाजते. मग खालच्या वाडीने टेकडी गाठायची.

५ सप्टेंबर. आधीचा चौकीदार भीमा महिन्यापूर्वी बुडाला. वाडीतली भागूबाई मला भाकरी देते, तिने सांगितले. तिन्हीसांजेला तो अडकलेला डबा सोडवायला पोहत गेला. दम सुटला तेव्हा मदतीसाठी तार ओढली. दोन टोल पडले. पण इथली समजूत अशी, की अंधारल्यावर दोन हाका भुताच्या, तिसरी माणसाची. वाडी तिसऱ्याची वाट पाहत बसली.
"मास्तर, दोन टोलांना उठू नगं," ती म्हणाली. मी मास्तर नाही, सातवी पास आहे, म्हटले. "मंग लईच शिकलास की!"

८ सप्टेंबर. तिन्हीसांजेला दोन टोल. पाणी खुणेच्या हातभर खाली. डबा स्थिर. तारेवर मात्र चिखलाची बोटे उमटलेली.

९ सप्टेंबर. पुन्हा दोन. भ्यालो, तरी तार धरून बांधापर्यंत गेलो. पायथ्याशी मुठीएवढे भोक, त्यातून गढूळ पाणी. डब्याला पाण्याची उंची कळते, बांध पोखरलेला कळत नाही. वाटले, भीमाच सावध करतो आहे. धरणाच्या साहेबांना सांगितले. ते म्हणाले, पाझर असायचाच. वाडी हसली. तिसरा टोल पडला की उठू, म्हणाली.

१० सप्टेंबर, तिन्हीसांज. भोकात घागर मावेल. दोन टोल पडले. वाडीत चुली पेटलेल्याच.
तिसरा द्यायला तार ओढली — हलेना — पलीकडून धरली आहे.
आता कळले. तो सावध करीत नाही. दोनच वाजवून त्यांना बसवून ठेवतो आहे. तो बुडताना बसले होते तसे —
तार मनगटाला वेढली. ओली. पाण्याकडे ओढते आहे. डाव्या हाताने लिहितो.
ओढ, भीमा. घंटा इथे आहे. मीही इथेच आहे.
माती सुटल्याचा आवाज —
खर्च: वही, पेन्सिल, पंचाहत्तर पैसे. देणे: भागूबाईला भाकरीचे तीन रुपये. वाडीला एक टोल. पेन्सिल टाकतो, घंटेवर हाणायला दगड उच