नातीला इतरांइतकीच शिक्षा व्हावी म्हणून

प्रति,
मा. तालुका शिक्षणाधिकारी,
धोळासर, सौराष्ट्र.

विषय : कु. झरणा पंड्या, इयत्ता पाचवी, हिला पेरूचोरीबद्दल येत्या शनिवारच्या आत शिक्षा होण्याबाबत.

संदर्भ : मुख्याध्यापकांशी झालेली तोंडी चर्चा, जिच्यात बहुतेक तेच बोलले.

महोदय,

मी नरभेराम जटाशंकर पंड्या, येथील वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल. अधिकाऱ्यांना अर्ज लिहिण्याचा मला सराव नाही. आयुष्यभर मी लोकांना पुस्तके परत करण्याची स्मरणपत्रे लिहिली, आणि त्यांतही शेवटी माफी मागितली. तेव्हा या अर्जात काही उद्धट आढळल्यास तो माझा स्वभाव नसून अननुभव समजावा.

१. झरणा ही माझी नात. ती जन्मापासून पूर्ण अंध असून येथील प्राथमिक शाळेत डोळस मुलांबरोबर शिकते. ब्रेल शिकवायला फिरत्या शिक्षिका येतात. शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. झरणाची आहे, पण ती गणिताविरुद्ध आहे आणि तिचा अर्ज वेगळा करावा लागेल.

२. गुन्ह्याची हकीकत अशी. शाळेमागे मुख्याध्यापक श्री. भगवानजीभाई कालरिया राहतात. त्यांच्या अंगणात पेरूचे झाड आहे आणि दुपारच्या सुट्टीत साहेब त्याखाली खाटेवर पडतात. यात त्यांचा दोष नाही. दुपारी अख्खे धोळासर झोपते, आपले कार्यालयसुद्धा. (म्हणूनच हा अर्ज मी चार वाजून गेल्यावर आणला आहे.) गेल्या आठवड्यात कंकू भरवाड आणि तिचे तीन सोबती भिंत ओलांडून झाडावर चढले. झरणाला भिंतीवर बसवले होते. साहेबांच्या घोरण्याकडे कान ठेवायचा आणि घोरणे थांबले की शिट्टी मारायची, एवढे तिचे काम. ही योजना तिचीच होती. "बघणाऱ्याला साहेब नुसते झोपलेले दिसतात, दादाजी. उठायला लागलेत ते घोरण्यातूनच कळतं," असे तिने मला नंतर समजावले. मला ते पटले, हे इथे लिहावे की नाही याबद्दल मी साशंक आहे.

घोरणे थांबले. शिट्टी वाजली नाही. झरणाच्या तोंडात पेरू होता.

३. चौघांना येत्या शनिवारपर्यंत रोज हापशावरून बादल्या भरून शाळेच्या बागेला पाणी घालण्याची शिक्षा झाली. झरणाला पेरूंची पिशवी मिळाली. शिवाय प्रार्थनेच्या वेळी साहेबांनी तिला पुढे उभे केले आणि म्हणाले, "बाळांनो, जिला देवानं डोळे दिले नाहीत तिचा कसला आलाय गुन्हा? तुम्ही हिला फूस लावलीत!" झरणा तिथल्या तिथे म्हणाली, "साहेब, फूस मी लावली." त्यावर साहेबांनी डोळे पुसले. "बघा, दुसऱ्याचा दोषही अंगावर घेते!" टाळ्या झाल्या.

४. तेव्हापासून मुले तिच्याशी बोलत नाहीत. ती पेरू वाटायला गेली तर कंकू म्हणाली, "नको आम्हाला तुझा प्रसाद. चोरी पाचांची, बादल्या चौघांना. तू जा, टाळ्या घे." उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, पुढच्या आठवड्यात आहे. दरवर्षी गच्चीवर कंकूच्या पतंगाची फिरकी झरणा धरते आणि दोऱ्याची ओढ ओळखून ढील देते. यंदा फिरकीला दुसरी मुलगी पाहिल्याचे तिला कळवण्यात आले आहे. कालपासून झरणा शाळेत गेलेली नाही. मी कारण विचारले तर म्हणाली, "तिथं मला देवी करून ठेवलंय. देवीला नारळ मिळतो, दादाजी. खेळायला घेत नाहीत."

या वाक्यामुळे मी हा अर्ज लिहीत आहे. एरवी मी लिहिला नसता.

५. मुख्याध्यापकांकडे मी गेलो होतो. ते म्हणाले, "पंड्याभाई, पुस्तकं वाचून वाचून काळीज दगड झालंय तुमचं. आंधळ्या लेकराच्या हातात बादली देऊ? पडेल ती!" मी म्हणालो, "पडेल." पुढचे वाक्य मला घरी पोचल्यावर सुचले, म्हणून ते इथे नोंदवतो : पडली तर उठेल, तिला सराव आहे.

या सरावाचे श्रेय माझे नाही. ती चालू लागली तेव्हा मी अंध मुलांच्या संगोपनावरची मिळतील ती पुस्तके वाचली आणि घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला गोधडी बांधली. माझी सून इला माहेरहून परतली, दारातच थांबली आणि म्हणाली, "बापुजी, हे घर आहे का गादीवाल्याचं दुकान? टेबल कुठंय हे पोरीला कळणार कसं? टेबल हाक मारणारे?" गोधड्या त्याच दिवशी निघाल्या. झरणा काही दिवस धडपडली. आता मी धडपडतो, कारण खुर्च्या ती हलवते.

६. साहेबांनी शेवटी सांगितले, "वरून लेखी आणा. लेखी असेल तर उलटी टांगतो तिला." इतके नको. फक्त बादल्या हव्या आहेत. त्यासाठी आपल्या कार्यालयात चौकशी केली असता खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "काका, दिव्यांगांच्या शिष्यवृत्तीचा नमुना आहे, सायकलीचा आहे, काठीचा आहे. शिक्षेचा नाही. शिष्यवृत्तीचाच घ्या आणि खोडून लिहा." त्याप्रमाणे मी केले आहे. 'यापूर्वी असा लाभ घेतला आहे काय?' या रकान्यात 'नाही, हीच तक्रार आहे' असे लिहिले आहे. कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेबाहेर असल्यास शिक्षा नाकारली जाते काय, हे मात्र त्या गृहस्थांनाही सांगता आले नाही.

७. नमुन्यात साक्षीदार मागितले आहेत. म्हणून काल संध्याकाळी मी भरवाडांच्या आळीत गेलो आणि दाराबाहेर बराच वेळ नुसताच उभा राहिलो. कंकूनेच विचारले, "काय हवंय, दादाजी?" मी सांगितले की झरणाविरुद्ध साक्ष हवी आहे. ती म्हणाली, "विरुद्ध? खरंच विरुद्ध? थांबा, सगळ्यांना आणते!"

चौघेही आमच्या घरी आले, झोपाळ्यावर दाटीवाटीने बसले आणि आरोपीसमोर साक्षी दिल्या. पेरूवर कोणी थांबेना. शाळेच्या घंटेच्या लोलकाला मोजा कोणी घातला, तपासनीस आले त्या दिवशी वर्गात बेडूक कोणी सोडला, सारेच निघाले. झरणा मधेच ओरडली, "खोटं! बेडूक माझा, मोजा तुझा!" कंकू म्हणाली, "लिहा, दादाजी, बेडूक कबूल!" इलाने गाठिया आणि तळलेल्या मिरच्या पुढे ठेवल्या. कितीतरी दिवसांनी झरणा हसली. (बेडकाची बाब मुख्याध्यापकांना ठाऊक नाही. ती आपल्यापुरतीच ठेवावी.)

निघताना कंकू उंबऱ्यावरून म्हणाली, "शनिवारच्या आत आमच्यासोबत बादली उचललीस तर फिरकी तुझी. नंतर एकटीनं उचललीस तर ते धरणार नाही."

८. तरी विनंती की, शनिवारच्या आत लेखी आदेश व्हावा. बादली इतरांएवढीच असावी आणि ती भरलेली असावी. झरणा पडल्यास कोणी धावू नये. पालक म्हणून माझी व इलाची संमती आहे. माझ्या संमतीचा भरवसा नाही, म्हणून इलाचीच धरावी. मी त्या वेळी वाचनालयात बसून राहीन.

९. अर्ज नामंजूर होण्याचा संभव मी झरणाला समजावून सांगितला आहे. मग कोणालाच माफ करता येणार नाही असा गुन्हा करू, असे तिचे म्हणणे आहे. आज सकाळी तिने मला विचारले, शिक्षणाधिकारी दुपारी कुठे झोपतात? मी म्हणालो, मला माहीत नाही. ती म्हणाली, "असू दे. ऐकू येईल."

आपल्याला दिलेल्या तसदीबद्दल, सवयीप्रमाणे, माफी मागून,

आपला संकोचलेला अर्जदार,
नरभेराम जटाशंकर पंड्या
धोळासर, मंगळवार, पौष वद्य तृतीया

सोबत :
शिष्यवृत्तीचा नमुना, खोडून भरलेला.
आरोपीचा कबुलीजबाब, ब्रेलमध्ये. (कार्यालयात वाचणारे कोणी नसल्यास ती स्वतः येऊन वाचून दाखवील. मात्र जे लिहिले आहे तेच वाचील याची हमी देता येत नाही.)
चौघांच्या साक्षी, तेलाच्या डागांसह.
एक बादली, घरची. शाळेत चारच आहेत.